उभा राहिला तो फिरला

हसू नकोस, विनू. पुट्टीचा प्रश्न वेडगळ नाही. एका बाजूला कोमोडो ड्रॅगन, तीन मीटर लांबीचा, आज जिवंत असलेल्या सरड्यांमध्ये सगळ्यांत थोराड. दुसऱ्या बाजूला ओक, तुमच्या इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांत दर दोन पानांआड उभा असणारा तो घेरदार वृक्ष. या दोघांची तुलना करून दाखवा, असा तिचा हट्ट. तू म्हणालास, त्यात तुलना काय करायची, एक पळतो आणि एक उभा असतो. बरं. तुझंच वाक्य धरून चालू. पळणारा कुठवर पोचला आणि उभा राहणारा कुठवर, एवढंच आधी पाहू.

त्याआधी एक घोळ निस्तरतो. मे महिन्यात कोडगूला मामाच्या इस्टेटीत ज्या झाडाला टेकून तू फोटो काढलास, ते कॉफीवर सावली धरणारं, खोडावर मिरीचा वेल चढलेलं उंच झाड म्हणजे सिल्व्हर ओक. त्याचा खऱ्या ओकशी काडीचा संबंध नाही. खरा ओक बघायचा तर हिमालयाकडे जायला हवं. उत्तराखंडात गावोगावी बांज म्हणून विचार, कुणीही दाखवेल. सिल्व्हर ओक मूळचा ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याकडचा, क्वीन्सलँड आणि त्याच्या खालच्या मुलखातला. मळेवाल्यांनी सावलीसाठी तो इकडे आणला आणि इथे त्याने असं बस्तान बसवलं, की कोडगूची माणसंही त्याला आपलाच समजतात.

आता पुट्टी, तू ऐक. त्याच क्वीन्सलँडच्या मातीत कोमोडो ड्रॅगनची हाडं सापडलीत. थोडीथोडकी जुनी नाहीत, सर्वांत जुनी तर अडतीस लाख वर्षांपूर्वीची. 2009 साली शास्त्रज्ञांनी ती नीट तपासली आणि सांगितलं, की हा प्राणी इंडोनेशियातल्या बेटावर जन्मून तिथे राक्षसासारखा वाढला, ही आपली समजूत चुकीची आहे. तो ऑस्ट्रेलियातच एवढा मोठा होता. तिथून बेटाबेटांनी पश्चिमेकडे सरकत सुमारे नऊ लाख वर्षांपूर्वी तो फ्लोरेस बेटावर पोचला. मागे ऑस्ट्रेलियात राहिलेले सगळे संपले. म्हणजे मामाच्या इस्टेटीतलं ते झाड ओक नसेल, पण ड्रॅगनचं गाववालं नक्की आहे. झाडाला माणसाने जहाजात घालून आणलं. ड्रॅगनला कोण आणणार?

आज तो कुठे आहे? कोमोडो, रिंचा, आणखी दोन चिमुकली बेटं आणि फ्लोरेसच्या किनाऱ्याचे काही तुकडे. संपलं. जगाला त्याची शास्त्रीय ओळखसुद्धा 1912 साली झाली. जावा बेटावरच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयाचे प्रमुख पीटर ओवेन्स यांनी तेव्हा त्याचं पहिलं वर्णन छापलं. त्याच्या वीस वर्षं आधी आपलं म्हैसूरचं झू सुरू झालं होतं, 1892 साली, चामराजेंद्र महाराजांच्या काळात. आपल्याकडे लोक पिंजऱ्यातले वाघ बघायला जात होते, तेव्हा शास्त्राच्या पुस्तकांत या एवढ्या मोठ्या सरड्याची नोंदच नव्हती.

तू म्हणशील, अज्जा, तो पळतो ना जोरात? पळतो. चांगला जोरात पळतो, थोडाच वेळ का होईना. पोहतोही चांगला. पण जात कुठेच नाही! अभ्यासकांनी काय केलं माहीत आहे? काही ड्रॅगन पकडले आणि त्याच बेटावर वीस-बावीस किलोमीटर दूर नेऊन सोडले. चार महिन्यांच्या आत ते चालत आपल्या दरीत परत. मग काहींना समुद्राची एक अरुंद पट्टी ओलांडून पलीकडच्या बेटावर सोडलं. पोहायला येत असूनही ते परत आले नाहीत. पाणी आडवं आलं, की पठ्ठ्या थांबला. वर्षानुवर्षं खुणा करून पाहिलं, तर बहुतेकांनी जन्माची दरीही सोडलेली नव्हती. 2018 साली हे सगळं प्रसिद्ध झालं, तेव्हा मला त्यांचं हसू आलं नाही. रानात शिकार कुठे येते, पाणी कुठे साठतं, ऊन कुठल्या दगडावर पडतं, हे सगळं पाठ असलेली जागा सोडून कोण जातो? आपले पूर्वज तंजावर, बंगळूर करत म्हैसुरात आले, ते काही हौसेने नव्हे.

आता उभा राहणारा. साधा ओक, युरोपातला. आयर्लंडपासून रशियातल्या उरल पर्वतापर्यंत पसरलाय. पण तो कायम तिथे नव्हता. हिमयुगात युरोपचा उत्तर भाग बर्फाखाली होता आणि ओक दक्षिणेला स्पेन, इटली, बाल्कनच्या कोपऱ्यांत जीव धरून राहिला होता. बर्फ वितळला आणि तो पुन्हा वर निघाला.

निघाला म्हणजे काय? ओकचं फळ असतं जड, टोपीवाल्या सुपारीएवढं. ते झाडाखाली पडतं. त्याला ना पंख, ना कापूस. क्लेमंट रीड नावाच्या इंग्रज अभ्यासकाने 1899 साली हिशोब मांडला. फळ नुसतं खाली पडून रुजायचं, मग ते झाड मोठं होऊन फळायला तीस-चाळीस वर्षं, मग त्याचं फळ पुन्हा दोन हात पुढे. अशा चालीने ओकला ब्रिटनच्या उत्तर टोकाला पोचायला सुमारे दहा लाख वर्षं लागली असती. आणि बर्फ वितळून तर जेमतेम दहा-बारा हजार वर्षं झालेली! झाड तिथे उभं आहे, हिशोब म्हणतो ते असूच शकत नाही. याला रीडचं कोडं म्हणतात. कोणीतरी ते फळ उचलून नेत होतं, पक्ष्यांचंच हे काम असणार, असा रीडचा कयास होता.

तो खरा ठरला. त्यात मोठा हात आहे जे नावाच्या पक्ष्याचा. आपल्या लायब्ररीमागच्या बागेत ओरडतो ना तो तांबूस, लांब शेपटीचा टकाचोर, त्याच्याच कावळ्याच्या कुळातला. हा पक्षी पानगळीच्या दिवसांत ओकची हजारो फळं गोळा करतो, घशात भरतो, किलोमीटरभर किंवा त्याहून लांब उडतो आणि एकेक फळ वेगवेगळ्या जागी जमिनीत टोचतो. हिवाळ्यात उकरून खातो. त्याची स्मरणशक्ती दांडगी, तरी सगळीच फळं काही त्याच्या पोटात जात नाहीत. जी राहिली ती रुजली. शिवाय तो पुरतो कुठे? दाट झाडीत नाही, मोकळ्या माळावर, रानाच्या कडेला, जिथे ओकच्या रोपाला ऊन मिळतं. ओकने पिढ्यान्‌पिढ्या या चोराला पोसलं आणि त्याच्या घशात बसून युरोप पालथा घातला.

म्हणजे बघ विनू, चार पायांचा दरीत अडकला आणि ज्याला पाय नाहीत तो खंड ओलांडून गेला. हे मला फार आवडतं. या दोघांच्या कुठल्याही तुलनेत मी आधी हेच सांगेन. लांबी, वजन, वय सगळं नंतर.

पण आता उलटा डाव बघ. ओकच्या एकाच झाडावर नरफुलंही असतात आणि मादीफुलंही. तुला वाटेल, मग काय, घरच्या घरी काम झालं. तसं होत नाही. स्वतःचे पराग ते बहुतेक नाकारतं. वाऱ्यावर दुसऱ्या ओकचे पराग यावेच लागतात. एकटा ओक माळावर शंभर वर्षं उभा राहील, पण भवताली दुसरा नसेल तर त्याची फळं नावालाच. आणि ड्रॅगनची मादी? इंग्लंडमधल्या चेस्टरच्या प्राणिसंग्रहालयात फ्लोरा नावाची मादी होती. आयुष्यात तिने नर पाहिला नव्हता. तिने 2006 साली अंडी घातली आणि त्यांतली काही भरली. शास्त्रज्ञांनी तपासलं, बाप नाहीच! लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सुंगाय नावाच्या मादीनेही असंच केलं होतं. आईच्या अंड्याने स्वतःचाच वाटा दुप्पट करून गर्भ घडवला होता.

आणि पिल्लं सगळी नर. त्यालाही कारण आहे. आपल्यात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं. ड्रॅगनमध्ये आईकडे दोन प्रकारची लिंगसूत्रं असतात. एक प्रकार दुप्पट झाला तर गर्भ जगत नाही, दुसरा झाला तर नर होतो. म्हणून एखादी मादी एकटीच वाहत एखाद्या रिकाम्या बेटाला लागली, तर तिथे पुढे वंश चालू शकतो. जो जात नाही, त्याच्याकडे पोचल्यावर घर वसवायची युक्ती आहे. जो सगळीकडे गेला, त्याला शेजारी लागतो. निसर्गाने असं का केलं, याचं उत्तर मी तुला देणार नाही. निसर्ग असं ठरवून काही करत नाही. जे चाललं ते टिकलं.

तू विचारलंस ना पुट्टी, दोघांत सारखं काय? खूप. दीडशे कोटी वर्षं किंवा त्याहूनही मागे जा. तिथे एक पेशी होती, डोळ्यांना न दिसणारी. तिची काही पोरं एका वाटेने गेली, त्यांच्यापासून झाडं झाली. काही दुसऱ्या वाटेने, त्यांच्यापासून बुरशी आणि प्राणी. ओक, ड्रॅगन, तू, मी, आपण सगळे तिचे. म्हणून दोघांच्या पेशींत अन्नातून शक्ती काढणारी यंत्रं सारखी. दोघांचा वारसा लिहायची लिपीसुद्धा एक. झाडाचं हरितद्रव्य आणि रक्तातला लाल रंग या दोघांची चौकट जवळजवळ एकच आहे. मधोमध मॅग्नेशियम बसवलं की हिरवं, लोह बसवलं की तांबडं. आणि त्या लोहाचं ड्रॅगनने आणखी काय केलंय ते ऐक. 2024 साली लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या संशोधकांनी दाखवलं, की त्याच्या दातांची टोकं आणि करवतीसारख्या कडा नारिंगी दिसतात, कारण त्यांवर लोहाचा थर असतो. हरणाचं मांस फाडायला लोखंडी धार!

जनुकं मोजली तर कोणाची जास्त निघतील? विनू म्हणतो ड्रॅगनची. 2018 साली ओकची जनुकं वाचली, ती भरली सुमारे 26 हजार. 2019 साली ड्रॅगनची वाचली, ती 18 हजारांच्या आसपास. हरलास! नुसती संख्या जास्त म्हणून झाड जास्त शहाणं असं नाही, पण ओकची ती जादा जनुकं कुठे वाढलीत हे बघण्यासारखं आहे. रोगाशी झुंजणाऱ्या जनुकांच्या त्याच्याकडे रांगाच्या रांगा आहेत. बुरशी आली, अळी आली, तर झाड पळून जाऊ शकत नाही. शेकडो वर्षं एकाच जागी उभं राहून ज्याला मार खायचा आहे, त्याला तिजोरीत औषधं भरून ठेवावी लागतात. ड्रॅगनच्या जनुकांत बदल दिसले ते भलतीकडे, पेशीतल्या शक्ती काढणाऱ्या यंत्रांत. सरडे चटकन दमतात. याला मात्र दमसास मिळाला.

उभं राहण्यावरून आठवलं. स्वित्झर्लंडमध्ये लोझान विद्यापीठाच्या आवारात एक ओक होता, त्याला नेपोलियनचा ओक म्हणत. 1800 साली नेपोलियनचं सैन्य त्याच्याजवळून गेलं. तुम्ही श्रीरंगपट्टणला टिपूचा किल्ला पाहिलात ना? तो पडला 1799 च्या मे महिन्यात. ज्या नेपोलियनच्या मदतीची टिपू वाट पाहत होता, तो पुढच्याच वर्षी या झाडाजवळून जात होता आणि झाड तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचं होतं. संशोधकांनी त्या झाडाच्या एकमेकींपासून लांब अशा दोन फांद्यांच्या पानांची जनुकं ताडून पाहिली. सव्वादोनशेहून जास्त वर्षं ऊन खाल्लेलं झाड, पेशी असंख्य वेळा दुभंगलेल्या, तर नकलेत चुका किती सापडाव्यात? सतरा. म्हाताऱ्या माणसाला हेवा वाटावा असा हा आकडा आहे. ड्रॅगन जगतो तीसेक वर्षं.

बरं, ड्रॅगन जन्मतो कुठे आणि राहतो कुठे, हे राहिलंच. अंड्यातून बाहेर पडला की पिल्लू पहिली गोष्ट काय करतं? झाडावर चढतं! खाली मोठे ड्रॅगन असतात आणि ते आपल्याच जातीची पिल्लं खातात. म्हणून लहानपणीची काही वर्षं ते फांद्यांवर काढतं, पाली आणि किडे खाऊन. जड झालं, फांदी पेलेना, की उतरतं. तोवर त्याच्या कातडीखाली बारीक हाडांची जाळी तयार होऊ लागते, साखळ्यांच्या चिलखतासारखी. पिल्लाला ती नसते, पूर्ण वाढलेल्याला असते. ते चिलखत कोणाविरुद्ध? त्याच्याहून मोठा शिकारी त्या बेटांवर नाही. तर बहुधा दुसऱ्या ड्रॅगनविरुद्धच.

एवढा बलदंड, तरी धोक्यात. 2021 च्या सप्टेंबरमध्ये जागतिक निसर्ग संवर्धन संघाने त्याला ‘असुरक्षित’वरून ‘धोक्यात आलेला’ या यादीत टाकलं. पूर्ण वाढलेले ड्रॅगन सगळे मिळून दीड हजारांहून कमी. पुढच्या 45 वर्षांत त्यांच्या राहण्याजोग्या जागेतली निदान 30 टक्के जाईल, असा त्यांचा अंदाज, कारण समुद्र चढतोय आणि ड्रॅगनची आवडती जागा म्हणजे किनाऱ्यालगतच्या सखल दऱ्या. पाणी वर आलं की मागे डोंगर. साध्या ओकला तसली चिंता नाही, त्याचं नाव ‘काळजी नको’ या यादीत. पण सगळे ओक असे सुखी नाहीत हो. ओकच्या जगभरात चारशेहून जास्त जाती आहेत आणि 2020 साली त्यांचा हिशोब झाला तेव्हा जवळपास तिसरा हिस्सा जाती धोक्यात निघाल्या. त्यांतल्या पुष्कळशा एखाद्याच डोंगररांगेत, एखाद्याच खोऱ्यात अडकलेल्या. जो अडकला त्याची गत ड्रॅगनसारखी, मग तो झाड का असेना.

आता आपल्याकडचा ड्रॅगन. चामुंडी टेकडीच्या पायऱ्यांवरून उतरताना झुडपात सळसळ झाली आणि तू ‘उडा, उडा’ म्हणून ओरडलास, ती घोरपड. कोमोडोची सख्खी भावकी, एकाच प्रजातीगटातली. जीभही तशीच दुभंगलेली, वास चाखत जाणारी. लांबी शेपटीसकट फार तर पावणेदोन मीटर. इराणच्या कडेपासून जावापर्यंत ती पसरली आहे. कीडा, खेकडा, अंडी, बेडूक, उंदीर, मेलेलं जनावर, काही वर्ज्य नाही. वारुळात अंडी घालते. सिंहगडाच्या यशवंतीची, दोर बांधून कड्यावर चढवलेल्या घोरपडीची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. इतिहासकार ती मानत नाहीत, मीही मानत नाही, पण नखांची पकड मात्र खरी, झाडाला किंवा कपारीला धरून बसली की ओढून निघत नाही.

ती अडकलेली नाही, तर तिला आपण अडकवलं. दसऱ्याच्या गाण्याच्या कचेरीत मृदंगाच्या शेजारी बसून एक जण हातात छोटं वाद्य घेऊन बोटांनी नाचवत होता ना, ते कंजिरा. त्याची कड फणसाच्या लाकडाची आणि तोंडावर परंपरेने घोरपडीचं कातडं. गोव्यातलं आरतीचं घुमट, त्यावरही तेच. कंजिऱ्यात तर झाड आणि सरडा एकत्र! नाद असा, की थोडं पाणी लावून बोट दाबलं तर आवाज वळतो. पण आपल्या 1972 च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला वाघाच्या पंक्तीला, पहिल्या परिशिष्टात बसवलंय. आता बकऱ्याचं कातडं किंवा कृत्रिम पडदा लावतात. जुने वादक कुरकुरतात, आवाज तसा येत नाही म्हणतात. खरंही असेल. कुरकुरू देत.

आणि एक शेवटचं सांगतो, मग जेवायला. पूजेच्या सामानात हत्थाजोडी नावाची वस्तू विकतात. दोन हात जोडल्यासारखी दिसणारी काळपट मुळी, तिजोरीत ठेवली की लक्ष्मी येते म्हणे. दुर्मीळ झाडाची मुळी म्हणून लोक हजारो रुपये मोजत होते, इंटरनेटवर मागवत होते. 2017 साली अभ्यासकांनी ती विकत घेऊन प्रयोगशाळेत तपासली, तर मुळी कुठली, ते नर घोरपडीच्या शरीरातून कापून वाळवलेलं इंद्रिय! म्हणजे तुम्ही इथे भांडताय की सरडा आणि झाड यांत सारखं काय, आणि बाजाराने सरड्यालाच झाड म्हणून विकून पैसे केले. त्या नमुन्यांत काही साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्याही निघाल्या. फसवणूक ती फसवणूकच, पण त्या प्लास्टिकवाल्याला मी काही फार नावं ठेवणार नाही.